चेंबूरला यान उतरवायचंय? तीन भागांची विनोदी विज्ञान-अद्भुत कादंबरी कशी लिहावी

मुंबईत परग्रहावरचं यान उतरलं तर पहिला माणूस "तुम्ही कोण, कुठून आलात?" असं विचारणार नाही. तो विचारेल, "ही गाडी कोणाची? इथे पार्किंग नाही." परदेशी सिनेमात आकाशातून काही आलं की लोक धावत सुटतात. आपल्याकडे आधी सोसायटीची सर्वसाधारण मीटिंग लागते, कोरम होत नाही म्हणून अर्धा तास थांबतात आणि मग त्याच जागी पुन्हा तीच मीटिंग भरते. विनोदी विज्ञान-अद्भुत कादंबरी लिहायला बसणाऱ्याचा कच्चा माल तो अर्धा तास आहे.

बाज जुन्या, स्वस्तात काढलेल्या बी-पटांचा आणि लांबी तीन भागांची, असं धरून सगळी कृती सांगतो. उदाहरणाला एकच कथानक हाताशी ठेवू: चेंबूरमधली ३२ सभासदांची जुनी सोसायटी, आवारातल्या पिंपळावर राहणारा मुंजा आणि परग्रहावरून मोजमापाला आलेला एक सर्व्हेअर.

आधी बी-पट समजून घ्या

'बी' ही भानगड अमेरिकेतली. १९३०च्या दशकात तिथे एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायचे. एक मोठ्या नटांचा, आणि जोडीला कमी पैशांत घाईघाईने उरकलेला दुसरा. आपल्याकडे ही घाई आणि हा पैशांचा तुटवडा सिनेमाच्या जन्मापासूनच आहे. दादासाहेब फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. १९६७ साली 'चाँद पर चढ़ाई'मध्ये दारासिंग चंद्रावर पोचले आणि तिथेही त्यांनी हाणामारी केली. माणूस खरोखर चंद्रावर उतरला तो त्यानंतर दोन वर्षांनी. रामसे बंधूंनी तर दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन अशी कामं घरातच वाटून घेऊन भयपटांचा कारखाना चालवला.

यातलं कुणीही थट्टा करत नव्हतं. सगळे मनापासून काम करत होते, फक्त पैसे संपले होते. प्रेक्षकाला हसू येतं ते या मनापासूनपणाचं, आणि म्हणूनच त्या हसण्यात थोडी मायाही असते. तुम्ही "बघा, मी किती वाईट सिनेमासारखं लिहितोय" असा डोळा मारत लिहू लागलात की ती माया गेली. आपण विनोदी कादंबरीत आहोत हे तुमच्या पात्रांना कधीही कळता कामा नये. माझ्या मते हा बाज इथेच तरतो किंवा बुडतो. बाकीचं सगळं सरावाने येतं.

पहिलं काम: पोस्टर

कथानक लिहिण्याआधी तिन्ही भागांची पोस्टरं लिहून काढा. चित्र येत नसेल तर नुसते शब्द. वर किंचाळणारी ओळ, मध्ये नाव, खाली तीन आश्वासनं. 'पिंपळावरचा सैतान विरुद्ध आकाशातला अधिकारी! सोबत भव्य ट्रिकसीन!' असं काहीतरी. पोस्टरवर शंभर फुटी सैतान असावा आणि पुस्तकात तो आठ वर्षांचा मुंजा निघावा. आश्वासन आणि प्रत्यक्ष यांच्यातलं हे अंतर पानोपानी खेळवायचं आहे, म्हणून पोस्टर टेबलासमोर चिकटवूनच ठेवा.

आश्वासन पुरं मात्र करायचं. सैतान विरुद्ध अधिकारी असा सामना व्हायलाच हवा. तो गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या हक्कावरून झाला तरी चालेल.

तीन भाग कुठून आणायचे

बहुतेक त्रयी दुसऱ्या भागात लोळतात. पहिल्यात ओळख होते, तिसऱ्यात शेवट होतो आणि मधल्यात पात्रं नुसती चालत राहतात. हा दोष टाळायला आधीच तीन टप्पे असलेली एखादी खरी प्रक्रिया उचला. मुंबईकराच्या आयुष्यात अशी एक प्रक्रिया तयारच आहे: रिडेव्हलपमेंट, म्हणजे जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचा पुनर्विकास. आधी संमती, मग घराबाहेर काढलेला काळ, मग ताबा. मधला टप्पा इथे सर्वांत हालाचा असतो, त्यामुळे मधला भाग आपोआप भरतो.

पहिल्या भागात सर्व्हेअरला संमती गोळा करायची आहे. पुनर्विकासासाठी किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते, असं २०१९ चा शासन निर्णय सांगतो. ३२ सभासदांचे ५१ टक्के म्हणजे १६.३२, म्हणजे १७ सह्या. त्याच्याकडे १६ आहेत. सतरावी सही अडली आहे ती ७८ वर्षांच्या अप्पांची, कारण त्यांचा थोरला भाऊ लहानपणी मुंज झाल्यावर लगेच वारला आणि तोच पिंपळावर राहतो. दादाला विचारल्याशिवाय अप्पा सही करत नाहीत. या एका सहीवर अख्खा पहिला भाग उभा राहतो, कारण आकडा खरा आहे आणि वाचकाच्या घरातही कुणीतरी अशी सही अडवून बसलेलं असतं.

दुसरा भाग घराबाहेरचा. तिसऱ्यात ताबा, ओसी (नव्या इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला) आणि पार्किंगचं वाटप. भाग बदलेल तसा धोका मोठा करत न्या: आधी इमारत, मग शहर, मग आकाशगंगा. भांडण मात्र आहे तेवढंच लहान ठेवा. आकाशगंगेचं भवितव्य ठरत असतानाही तळमजल्यावरच्या काकूंचा मुद्दा वरच्यांच्या कुंडीतून गळणाऱ्या पाण्याचाच असला पाहिजे.

नियमांची वही

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा. कादंबरीतले देखावे कितीही स्वस्त दिसू देत, नियम पक्के हवेत. विनोदी आहे म्हणून काहीही चालेल असं मानणाऱ्याची कादंबरी साठाव्या पानापर्यंत दमते, कारण काहीही होऊ शकत असेल तर कशाचंच आश्चर्य उरत नाही. आणि मराठी विज्ञानकथेचा वाचक हिशेबाला पक्का आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने गोष्ट पाठवली आणि बक्षीस मिळवलं, तिथपासून या वाचकाला खऱ्या विज्ञानाची सवय आहे. वहीत दोनच नियम लिहा, एक विज्ञानाचा आणि एक अद्भुताचा. पण त्यांचे परिणाम शेवटच्या दशांशापर्यंत काढा.

आधी विज्ञान. चेंबूरच्या शेजारी ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही भारतातली पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली. अणुभट्टीतून प्रतिन्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात आणि जवळपास प्रकाशाच्या वेगाने, वाटेत येईल त्यातून आरपार जातात. आपला सर्व्हेअर ३० प्रकाशवर्षं दूर राहतो असं धरू. त्याच्या खात्याला ही खबर ऑगस्ट १९८६ मध्ये लागली आणि तो त्याच दिवशी निघाला. (सरकारी माणूस त्याच दिवशी निघतो, ही कादंबरीतली सर्वांत अविश्वसनीय गोष्ट. ती तशीच राहू द्या.) यानाचा वेग प्रकाशाच्या ८० टक्के. ३० भागिले ०.८ म्हणजे ३७.५ वर्षं, यान चेंबूरला उतरलं फेब्रुवारी २०२४ मध्ये. पण एवढ्या वेगात यानातलं घड्याळ आपल्या घड्याळाच्या ०.६ पट चालतं. त्याच्या हिशेबाने प्रवास २२.५ वर्षांचाच झाला.

आता विनोद शोधावा लागत नाही. त्याचा पगार कोणत्या घड्याळाने धरायचा? फरक १५ वर्षांचा आहे. तो म्हणतो ३७.५, लेखा विभाग म्हणतो २२.५, आणि तक्रारीचं उत्तर यायला जाऊन-येऊन ६० वर्षं लागतात. सोसायटीतले एक निवृत्त कारकून ही फाइल बघतात आणि पहिल्यांदाच त्यांना परग्रहावरचा माणूस आपला वाटतो.

आणखी पुढे जा. पृथ्वीकडे येताना समोरून पृथ्वीचं प्रक्षेपण त्याला भेटत राहिलं. १९५६ ते २०२४ ही साडेसदुसष्ट वर्षं त्याने साडेबावीस वर्षांत ऐकली, म्हणजे बरोबर तिप्पट वेगाने. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यानंतरच्या सगळ्या बातम्या, कामगार-शेतकऱ्यांचे कार्यक्रम, नाटकं त्याने अशीच ऐकली. त्यामुळे तो शुद्ध मराठी बोलतो, वृत्तनिवेदकासारखी, पण तिप्पट वेगाने आणि बारीक आवाजात. आणि आपण सगळे त्याला पेंगुळलेले वाटतो. हे पात्र मी कल्पनेने रंगवत बसलो असतो तर इतकं नेमकं सापडलं नसतं. ते भागाकारातून आलं.

आता अद्भुत. मुंजाला पिंपळाच्या सावलीबाहेर जाता येत नाही, एवढाच नियम. सकाळ-संध्याकाळ सावली लांब, तेव्हा तो बी विंगच्या खिडकीपर्यंत पोचतो. दुपारी खोडाशी चिकटून बसतो. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून इथे वर्षातून दोनदा सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो: १५ मेच्या आसपास आणि २८ जुलैच्या सुमारास. त्या क्षणी सावली झाडाखालीच गोळा होते. मुंजाला अडकवायचं असेल तर हीच वेळ, आणि बिल्डरला हे कुठून तरी कळलं आहे. पण २८ जुलैला मुंबईत ऊन पडलं तर ना! मुळात पावसाळाभर सावलीच नाही, तर मुंजाचं काय होतं? त्याला चार महिने कोंडलं आहे की चार महिने मोकळीक आहे? यावर मंडळींनी मीटिंगमध्ये वाद घालावा, पण तुमच्या वहीत उत्तर एकच असावं.

वही कशी वाचवते ते दुसऱ्या भागात कळतं. सगळ्यांना उचलून सर्व्हेअरच्या ग्रहावर ट्रान्झिट कॅम्पला, म्हणजे तात्पुरत्या घरांत, न्यावं, असा मोह होतोच. वही उघडा: जायला २२.५ वर्षं, यायला तितकीच, इथे मध्ये ७५ वर्षं उलटली. अप्पा गेले, बिल्डर गेला, तिसरा भागही गेला. मग चंद्र घ्या. अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, त्या यानाला दीड-दोन सेकंद. चेंबूरहून कुर्ल्याला रिक्षाने यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि हे वाक्य कुणीतरी अगदी गंभीरपणे बोललं पाहिजे. चंद्रावर दिवस जवळपास १५ दिवसांचा आणि रात्रही तेवढीच. कुंडीत नेलेल्या पिंपळाच्या सावलीत मुंजा पंधरवडाभर मोकळा, पंधरवडाभर कैद. आणि पृथ्वीवर फोन लावला तर आवाज जायला १.३ सेकंद, उत्तर यायला १.३. सासू-सुनेच्या भांडणात २.६ सेकंदांची फट पडते. सुनेचं चोख उत्तर पोचेपर्यंत सासूबाई पुढच्या विषयावर गेलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक उत्तर भलत्याच आरोपाला बसतं. हा प्रसंग लिहिताना घड्याळ समोर ठेवून दोन्ही बाजूंची वाक्यं वेगवेगळ्या रकान्यांत मांडा, मगच एकत्र गुंफा.

चेहरा सरळ ठेवणं

आता एक छोटा तुकडा, पहिल्या भागातला:

"दादा, खाली ये. सही करायची आहे," अप्पा वर बघून म्हणाले.

"आधी माझ्या गोट्या दे," पिंपळातून आवाज आला.

"अरे, सत्तर वर्षं झाली त्याला."

"मग व्याजासकट दे."

सेक्रेटरी परबांनी घड्याळ पाहिलं. "अप्पा, जरा आटपा हो. पाणी सुटायची वेळ झाली."

भुताला कुणी दचकत नाही, निवेदकही दचकत नाही. ७८ वर्षांचा माणूस आठ वर्षांच्या मुलाला दादा म्हणतो, हे निवेदकाने दाखवूनही दिलेलं नाही. "किती विचित्र दृश्य होतं ते!" असं एक वाक्य घातलं असतं तर सगळं सांडलं असतं. परबांना फक्त पाण्याची काळजी आहे आणि ती अगदी रास्त आहे. तुमच्या प्रत्येक पात्राला अशी एक रास्त, क्षुल्लक काळजी द्या आणि जग बुडत असताना ती त्याला सोडू देऊ नका. प्रलयाच्या प्रसंगी मुंबईत पहिला प्रश्न "ट्रेन चालू आहेत का?" हाच असतो.

या तुकड्यात थोडं दुःखही आहे. ते असू द्या, पण त्याच्यावर बोट ठेवू नका.

स्वस्त सिनेमा कागदावर कसा आणायचा

पडद्यावर राक्षसाच्या पाठीची चेन दिसते, यानाची दोरी दिसते. कागदावर चेन दाखवायला वर्णनच मोडावं लागतं. भव्य वाक्य सुरू करा आणि शेवटी त्याचा खर्च सांगा: 'यानाच्या पोटातून तो दिव्य जिना खाली उतरला, गच्चीपासून चार फुटांवर अडकला, आणि मग परबांनी वॉचमनला स्टूल आणायला पाठवलं.' असा देखावा जवळून बघायचा असेल तर गणपतीच्या आधी लालबाग-परळच्या मंडपांत चलचित्रांची जुळवाजुळव बघून या. मोटर, दोरी आणि पुठ्ठा यांतून देवांचं युद्ध उभं राहतं आणि कुणीतरी एक माणूस मागे बसून दैत्याचा हात ओढत असतो. त्या माणसाला पात्र करा.

दुसरी युक्ती म्हणजे पुन्हा वापरलेला शॉट. बी-पटात तोच स्फोट तीनदा दिसतो. तुम्ही एक भारदस्त परिच्छेद लिहा आणि तो तिन्ही भागांत शब्दशः, काना-मात्रा न बदलता परत आणा. पहिल्यांदा तो यानाचा स्फोट, दुसऱ्यांदा चंद्रावरच्या कुकरचा. तिसऱ्यांदा वाचक त्याची वाट बघत असेल. तेव्हा तो अर्ध्यात तोडा.

तिसरी, शास्त्रज्ञाचं भाषण. प्रत्येक बी-पटात पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ फळ्यापुढे उभा राहून सगळं समजावतो. तुमच्या वहीतला हिशेब वाचकापर्यंत न्यायला हा माणूस फार उपयोगी, फक्त त्याला सर्वसाधारण सभेत बोलायला लावा, म्हणजे दर वाक्याला कुणीतरी "मुद्द्याचं बोला" म्हणेल. बाकी डबिंगचे घोळ, मध्येच घुसलेलं गाणं, उगाच आलेलं मध्यंतर ही हत्यारं एकेकदाच वापरा.

भाषा

सोसायटीच्या नोटिशीची मराठी ही या बाजाची राजभाषा आहे. तिच्यात काहीही लिहिलं तरी खरं वाटतं:

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गच्चीवर उतरलेल्या यानामुळे डिश हलल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही. यानाखाली कपडे वाळत घालू नयेत. घातल्यास व ते अदृश्य झाल्यास तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. आदेशावरून.'

दर दोन-तीन प्रकरणांनंतर अशी एक नोटीस टाका. कथानक पुढे ढकलायलाही ती बरी पडते. मालवणी बोलणारे काका, आगरी बोलणारी मासेवाली असतील तर त्या बोलींतला विनोद त्या माणसांच्या चातुर्याचा असू द्या. बोलीलाच हसणारा विनोद, तसंच परप्रांतीयाच्या उच्चारावरचा, बायकोच्या जाडीवरचा विनोद जुन्या सिनेमांत भरपूर होता. तो तिथेच राहू दे.

लिहून झाल्यावर

पहिला खर्डा मोठ्याने वाचा, आणि जी माणसं उगाच हसणार नाहीत अशांपुढे वाचा. सोसायटीच्या कमिटीवर काम केलेला एक माणूस हवाच. तो चुका काढेल आणि त्याच्या चुका काढण्यातूनच दोन प्रकरणं मिळतील. जिथे हसू यायला हवं तिथे शांतता झाली तर विनोद वाढवू नका, त्याच्या आधीची दोन वाक्यं काढा. बहुतेक वेळा अडगळ तिथे असते. एका पानावर तीन विनोद असतील तर मधला काढा, तो कितीही आवडता असला तरी.

बाजाराची चाचणी घ्यायला दिवाळी अंक उत्तम. पहिल्या भागातला एखादा स्वतंत्र उभा राहणारा प्रसंग कथा म्हणून तयार करा आणि उन्हाळा सरता सरताच पाठवा. ऑगस्टमध्ये जाग आली तर बहुतेक अंकांची जुळणी झालेली असते. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. तिन्ही भागांना स्वतंत्र क्रमांक लागतात. मुखपृष्ठ संगणकावर गुळगुळीत करून घेण्याऐवजी हाताने रंगवणारा चित्रकार शोधा. चोरबाजारात जुनी सिनेमाची पोस्टरं मिळतात, ती त्याला दाखवा आणि सांगा की रंग थोडा रेषेबाहेर गेला तरी चालेल.

एक गोष्ट मात्र घाईने करू नका: दुसऱ्या भागाचा खर्डा पुरा होईपर्यंत पहिला भाग छापायला देऊ नका. चंद्रावर गेल्यावर कुंडीची गरज पडते आणि ती कुंडी पहिल्या भागातच कुणाच्या तरी गॅलरीत, गळत, ठेवलेली असावी लागते.